सोने मूलद्रव्यच, संमिश्र असतो तो दागिना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील विद्यार्थ्यांसाठीच्या प्रश्नमंजूषेत गेल्या आठवड्यात ‘सोने हे मूलद्रव्य, संयुग की संमिश्र (म्हणजे धातूंचे मिश्रण)?’ असा प्रश्न होता आणि ‘संमिश्र, कारण दागिन्यांच्या सोन्यात तांबे असते’ असे त्याचे उत्तर छापून आले. हे उत्तर चुकीचे आहे. रसायनशास्त्र शिकवताना हीच चूक मी उत्तरपत्रिकांत इतक्यांदा पाहिली आहे, की ती मुलांच्या निष्काळजीपणातून होत नसून ‘सोने’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो म्हणून होते, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून हे पत्र थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

सोने हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणुअंक ७९, म्हणजे ज्या अणूच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात तो सोन्याचा अणू. त्यात एक प्रोटॉन कमी असेल तर तो प्लॅटिनमचा आणि एक जास्त असेल तर पाऱ्याचा. निसर्गात सोन्याचा एकच स्थिर समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांच्या संख्येवरून ठरणारा अणूचा प्रकार, आढळतो आणि त्याच्या प्रत्येक अणूत ११८ न्यूट्रॉन असतात. सोने तापवा, वितळवा किंवा त्यावर आम्ल ओता, कोणत्याही रासायनिक क्रियेने त्याहून साधा पदार्थ त्यातून निघत नाही. हे ज्ञान अर्थातच पूर्वापार नव्हते. गंधक आणि पारा यांच्या संयोगातून सर्व धातू घडतात असे किमयागार मानत, आणि त्या समजुतीत शिशापासून सोने करू पाहणे तर्काला धरूनच होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात सोने आहे, आणि पुढे केंद्रकाचा शोध लागल्यावर किमयागारांना अपयश का आले हेही उलगडले: रासायनिक क्रियेने केंद्रक बदलत नाही.

मग दागिन्याचे काय? शुद्ध सोने मऊ असते, कारण त्यातील अणूंचे थर थोड्याशा जोरानेही एकमेकांवरून सरकतात. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा लहान असल्याने तो मध्ये बसला की ती नियमित मांडणी किंचित वेडीवाकडी होते, थर सहजी सरकत नाहीत आणि धातू कठीण होतो. चांदीचा अणू मात्र जवळजवळ सोन्याच्या अणूएवढाच असल्याने हे दोन धातू कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. संमिश्र आणि संयुग यांतला फरक नेमका या ‘कोणत्याही प्रमाणात’मध्ये आहे. २४ भागांत २२ भाग सोने असेल तर २२ कॅरेट, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के, १८ भाग असेल तर १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के, आणि उद्या कोणी १९ भागांचे केले तरी त्याला अडवणारा निसर्गनियम नाही. पाण्याच्या बाबतीत असे करता येत नाही, कारण संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते. खाणीतून निघणाऱ्या नैसर्गिक सोन्यातही बहुधा थोडी चांदी असते आणि ती पुरेशी असली तर त्या फिक्या पिवळ्या धातूला इलेक्ट्रम म्हणतात. आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला होता, असे मला नेहमी वाटते: सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला ‘हीण’ आणि अशा सोन्याला ‘हीणकस’ म्हणताना सोने वेगळे आणि त्यात शिरलेले हीण वेगळे, हे बोलणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते.

सोने संयुगात कधीच जात नाही, असाही एक समज आहे. तोही खरा नाही. टेल्युरियम या मूलद्रव्याबरोबरचे त्याचे संयुग, कॅलाव्हेराइट, खनिज म्हणून निसर्गात सापडते. सोने एकट्या नायट्रिक आम्लाला किंवा एकट्या हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाही, पण दोन्हींच्या मिश्रणात, म्हणजे आम्लराजात, ते विरघळते. एक आम्ल सोन्याच्या अणूपासून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि दुसऱ्यातील क्लोराइड आयन त्या अणूला द्रावणात धरून ठेवतात.

या संदर्भात एक सत्य घटना मी वर्गात नेहमी सांगत असे. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या शास्त्रज्ञांची नोबेल पदके नील्स बोर यांच्या संस्थेत सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. पदकांवर नावे कोरलेली होती आणि जर्मनीबाहेर सोने पाठवणे हा तिथे गंभीर गुन्हा होता. तेव्हा तिथे काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती पदके आम्लराजात विरघळवली. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर तशीच राहिली, युद्ध संपल्यावर त्यातून सोने पुन्हा वेगळे काढण्यात आले आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याची पदके नव्याने घडवून दिली. त्या काळची पदके २३ कॅरेटची, म्हणजे संमिश्राची होती. द्रावणात सोने संयुगाच्या रूपात होते. वेगळे काढले तेव्हा ते मूलद्रव्य म्हणून हाती आले. या सगळ्या फेऱ्यांत चकाकी गेली, रंग गेला, आकार गेला, पण ७९ प्रोटॉनचा एकही अणू बदलला नाही. मूलद्रव्य म्हणजे काय, हे याहून चांगले समजावणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

एक अपवादासारखी गोष्टही सांगायला हवी, कारण हुशार मुले ती विचारतात. सोने आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही धातू असले तरी सोन्याचा एक अणू आणि ॲल्युमिनियमचे दोन या ठरलेल्या प्रमाणात ते एकत्र आले की जांभळ्या रंगाचा ठिसूळ पदार्थ तयार होतो, आणि त्याला आंतरधातू संयुग म्हणतात. म्हणजे ‘दोन धातू एकत्र आले की संमिश्रच’ हा नियमही सरसकट लावता येत नाही.

आपण त्या उत्तराची दुरुस्ती त्याच सदरात, तेवढ्याच ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे. पुढे हा प्रश्न पुन्हा घ्यायचा झाल्यास ‘शुद्ध सोने’ आणि ‘२२ कॅरेट सोने’ असे दोन वेगळे प्रश्न करावेत. पहिल्याचे उत्तर मूलद्रव्य आणि दुसऱ्याचे संमिश्र.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका