ऑनर्सचे मार्गदर्शन वेळापत्रकात हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ साली नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रथम वर्षाला बसलेली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या, म्हणजे ऑनर्सच्या वर्षात येते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न इतर महाविद्यालयांत हीच वेळ २०२७-२८ मध्ये येईल. ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांकडून प्रवेश, शुल्क आणि नोकरीबद्दलचे प्रश्न भरपूर येतात. पण या वर्षात प्राध्यापकाने विद्यार्थ्यासोबत नेमके काय करायचे, यावर स्टाफरूममध्येसुद्धा पुरेसे बोलले जात नाही. त्यासाठी हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेला विद्यार्थी संशोधनासह ऑनर्स घेऊ शकतो आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. प्रकल्पाच्या एका क्रेडिटला सत्रभरात ३० तास धरले, तर १२ क्रेडिटचे ३६० तास होतात. दोन सत्रांच्या ३० आठवड्यांवर ते वाटले की आठवड्याला १२ तास. तृतीय वर्षाचा प्रोजेक्ट जसा शेवटच्या पंधरवड्यात बांधणीला जातो, तसा हा जाणार नाही.

प्रकल्प फसतो तो बहुतेकदा विषय ठरवतानाच. ‘नवी मुंबईतील जलप्रदूषण’ हा विषय नाही, ते नुसते क्षेत्र झाले. ‘ऐरोली आणि वाशी या दोन ठिकाणी पावसाळ्यानंतर खाडीच्या पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूत किती फरक पडतो’ हा प्रश्न झाला, कारण त्याला जागा आहे, काळ आहे आणि मोजायची गोष्ट आहे. सहावे सत्र संपण्याआधी विद्यार्थ्याने असा प्रश्न एका वाक्यात लिहून द्यावा. वाक्यात ‘व’, ‘तसेच’, ‘आणि त्यावरील उपाय’ आले की मार्गदर्शकाने ते परत करावे. उपाय सुचवायची घाई मुलांना फार असते, तिला इथेच आवर घातलेला बरा.

खाडीचेच उदाहरण पुढे नेतो, कारण आपल्याकडे विज्ञान शाखेची मुले हमखास तिकडे वळतात. विद्यार्थी सोयीसाठी दर शनिवारी सकाळी १० ला नमुना घ्यायचे ठरवतो. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या शनिवारी १० ला भरती असेल तर पुढच्या शनिवारी १० ला ओहोटी. चार महिने नमुने घेऊन हाती येते ते भरती-ओहोटीचे चक्र, आणि विद्यार्थी त्याला प्रदूषणातला चढउतार समजून बसतो. म्हणून नमुन्याचा वार घड्याळाने न ठरवता भरतीच्या तक्त्यावरून ठरवावा आणि दोन्ही ठिकाणी भरतीची अवस्था एकच असावी. प्राणवायू मोजायच्या नमुन्याची बाटली काठावरच, मँगनीज सल्फेट आणि अझाइडयुक्त अल्कधर्मी आयोडाइड घालून स्थिर करावी लागते. तशीच पिशवीत घालून ट्रेनने कॉलेजात आणली तर वाटेत जिवाणू प्राणवायू वापरतात आणि आकडा खोटा येतो. बीओडी, म्हणजे पाण्यातले जिवाणू किती प्राणवायू वापरतात याची चाचणी, २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवसांची करतात, त्यामुळे गुरुवारी इनक्युबेटरमध्ये ठेवलेली बाटली रविवारी काढावी लागते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. नमुन्याचा दिवस ठरवताना भरतीच्या तक्त्याशेजारी कॉलेजच्या सुट्ट्यांची यादीही ठेवावी. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. अभयारण्याच्या हद्दीत काम करायचे तर वनविभागाची परवानगी लागते. ते पत्र सातवे सत्र सुरू होण्याआधी, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीने जायला हवे. विद्यार्थ्याने एकट्याने केलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या मुलांना वाशीची बाजार समिती खुणावते. तिथल्या आवकेचे आणि भावाचे रोजचे आकडे ही मोठीच सोय आहे. त्यात एक गोम आहे. बाजार बंद असलेल्या दिवशी भावाच्या रकान्यात कुणी ० भरले की महिन्याची सरासरी कोसळते आणि त्यावर रचलेला सगळा अर्थ चुकतो. तो रकाना रिकामा सोडायचा असतो. विश्लेषण सुरू होण्याआधी मार्गदर्शकाने मूळ तक्त्यातल्या कोणत्याही २० ओळी स्वतः डोळ्यांखालून घालाव्यात. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचे दोन महिने वाचतात.

समाजशास्त्राच्या प्रकल्पात गूगल फॉर्म हा आजार झाला आहे. तुर्भ्याच्या कंत्राटी महिला कामगारांवर अभ्यास आणि उत्तरे देणारे निम्मे विद्यार्थ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे! अशा २०० फॉर्मपेक्षा प्रत्यक्ष भेटून घेतलेल्या १५ मुलाखती कितीतरी मोलाच्या. मात्र एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास जातात, हे आधी सांगा, म्हणजे विद्यार्थी ४० मुलाखतींचा संकल्प करणार नाही. प्रश्नावली आधी चार-पाच जणींवर वापरून पाहावी. संमतीपत्र साध्या मराठीत आणि हिंदीत असावे, वाचूनही दाखवावे, आणि मुलाखतीतली नावे प्रबंधात येणार नाहीत हे त्यात लिहिलेले असावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या मराठी छापील साहित्याने सुरुवात करता येते. मोडी वाचता येत नसेल तर अव्वल इंग्रजीतल्या, म्हणजे इंग्रजी राजवटीच्या सुरुवातीच्या काळातल्या मोडी दप्तरांवरचा विषय त्याला देऊ नये. आठ महिन्यांत मोडी शिकून प्रबंध लिहून होत नाही.

आता भेटींविषयी. ‘अडचण आली की ये’ असे सांगणे म्हणजे मार्गदर्शन न करणे. ज्याला अडचण येते तोच भेट टाळतो. आठवड्याला प्रत्येकी अर्धा तास, वार आणि वेळ ठरलेली हवी. बदलापूर-पनवेलहून येणाऱ्या आणि दुपारनंतर नोकरी करणाऱ्या मुलांना संध्याकाळी पाचची वेळ जमत नाही, सकाळची लेक्चर संपल्यावरची जमते. भेटीच्या शेवटी विद्यार्थ्यानेच पाच ओळी लिहाव्यात: काय झाले, काय अडले, पुढच्या वेळी काय आणायचे. दोघांच्या सह्या, एक प्रत वहीत, एक विभागाच्या फाइलमध्ये. सलग दोन भेटी कोऱ्या गेल्या तर विभागप्रमुखांना त्याच आठवड्यात कळायला हवे, मार्चमध्ये कळून काही उपयोग नाही.

सातव्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात एक पानी आराखडा, सहाव्यात पद्धतीची लहान प्रमाणावर चाचणी, सत्राअखेर पद्धतीचे प्रकरण लिहून तयार. आठव्या सत्रात जानेवारीअखेर माहितीसंकलन थांबले पाहिजे. ‘सर, अजून थोडे नमुने घेतो’ म्हणणाऱ्या हुशार विद्यार्थ्यालाच इथे थांबवावे लागते. मसुदा आला की सात दिवसांत परत द्यावा, आणि पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. प्रश्नाचे उत्तर मिळते का, पुरावा कुठे तोकडा पडतो, कोणते पान काढून टाकता येईल, एवढेच लिहावे. लाल शाईने भरलेले पान हाती आले की मुले शब्द दुरुस्त करतात, युक्तिवाद जिथल्या तिथे राहतो.

उचलेगिरीबाबत आयोगाचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची, ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. हे पहिल्याच भेटीत सांगावे. पण नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. इंग्रजी लेख मराठीत उतरवला तर ती चोरी सॉफ्टवेअरला सहसा दिसत नाही. मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसतच नाही, निरर्थक अक्षरे दिसतात आणि साम्य शून्याच्या आसपास येते. म्हणून युनिकोडची अट पहिल्या दिवसापासून घालावी. चॅटजीपीटीचा वापर कुठे आणि कशासाठी केला हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे. कच्ची वही, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रयोगाच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि तोंडी परीक्षेत प्रश्न त्यावरूनच विचारावेत. ‘या तारखेचा आकडा इतका खाली का?’ याचे उत्तर ज्याने काम केले त्यालाच देता येते.

संशोधनाव्यतिरिक्तच्या पेपरांबद्दल थोडेच लिहितो. आयोगाने अभ्यासक्रमांना दिलेल्या क्रमांकांत ४०० ते ४९९ हे प्रगत अभ्यासक्रम आहेत. प्रगत म्हणजे दोन असाइनमेंट जास्त नव्हेत. तोच वेळ एका मूळ शोधनिबंधाच्या चिकित्सेला द्यावा: लेखकाचा दावा, त्याचा पुरावा, आणि पुरावा कुठे कमी पडतो. तीन पाने पुरतात. गुण कशाला किती, हे सत्राच्या सुरुवातीला छापून द्यावे.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. पाच ऑनर्स विद्यार्थी दिले की भेटींचेच अडीच तास होतात, मसुदा वाचायचे तास वेगळे. हे तास वेळापत्रकात छापले गेले नाहीत तर ते होणार नाहीत, किंवा मोजक्या तळमळीच्या माणसांच्या अंगावर पडतील. ठाणे-नवी मुंबईच्या प्राचार्यांना विनंती आहे की पुढच्या वर्षाचा कार्यभार ठरवताना हे तास धरावेत आणि एका मार्गदर्शकाकडे पाचपेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याची नेमणूक सत्राबरोबर संपते. सातव्या सत्रात त्याने घेतलेला विद्यार्थी आठव्यात वाऱ्यावर पडतो. अशा प्रत्येक प्रकल्पाला पहिल्या दिवसापासून एक कायम सहमार्गदर्शक नेमावा, त्याचे नाव आराखड्यावर लिहावे, आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला भेटींच्या तासांचेही मानधन मिळावे.

आपला,
पदव्युत्तर विभागातील एक प्राध्यापक, ठाणे