मुतखड्यांचा हिशेब

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुझी एक्सेल शीट मिळाली. 'मशीनने बाहेरून धक्के देऊन फोडलेले खडे दुर्बीण आत घालून काढलेल्यांपेक्षा जास्त साफ होतात, पेपर लिहून टाकू' हा निरोप वाचून हसू आलं. रागावू नकोस. कुणाला मशीनवर झोपवायचं हे तूच ठरवलंस ना? बारके खडे तिकडे, बोराएवढे दुर्बिणीकडे. मग मशीन जिंकणार नाही तर काय!

याच मुतखड्यावर १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख आला होता. दोन्हीकडे ३५० रुग्ण. उघडून केलेली शस्त्रक्रिया २७३ जणांत यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. पाठीला छिद्र पाडून दुर्बिणीने २८९, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण सरस, विषय संपला. आता खडे आकाराने वेगळे कर. दोन सेंटिमीटरच्या आतले: उघडून ८७ पैकी ८१, दुर्बिणीने २७० पैकी २३४. मोठे: उघडून २६३ पैकी १९२, दुर्बिणीने ८० पैकी ५५. दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रियाच पुढे! अवघड खडे तिच्या वाट्याला आले म्हणून बेरजेत ती मागे पडली.

परवा वहीवर मांडून बघितलं. ७०० जणांत लहान खडेवाले ३५७, मोठेवाले ३४३. दोन्ही उपचारांना हीच वाटणी दिली तर उघडी ८३ वर जाते, दुर्बीण ७८ वर येते. आकडे चक्क जागा बदलून बसतात. (म्हणून लगेच कुणाला चिरायला घेऊ नकोस. ती उघडी ऑपरेशनं १९७२ ते ८० मधली, दुर्बिणीची त्यानंतरची; काळाचाही फरक आहेच.)

तुझ्याकडे नुसता आकार नाही. वय, साखर, आधीचं ऑपरेशन, खडा कुठे अडकलाय... इतके कप्पे पाडले तर एकेकात दीड माणूस उरेल. तिथे रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ साली सुचवलेला प्रोपेन्सिटी स्कोअर वापरू. या सगळ्यावरून त्या माणसाला मशीन मिळण्याची शक्यता किती, एवढा एकच आकडा काढायचा आणि सारख्या आकड्याचे मशीनवाले-दुर्बीणवाले शेजारी बसवायचे. ज्यांना जोडच मिळत नाही, त्या बोरांबद्दल आपण गप्प बसायचं.

पण स्कोअरला दिसतं ते शीटमध्ये लिहिलेलंच. गेल्या दिवाळीआधी मी तुझ्या ओपीडीत बसलो होतो, तेव्हाचा तो ऊसतोडीवाला आठवतो? "डॉक्टर, आता चार-पाच म्हैने कारखान्यावर, पुन्यांदा येणं व्हायचं न्हाई." खडा लहान असूनही तू एका फटक्यात काम व्हावं म्हणून दुर्बीण घेतलीस. बरोबरच केलंस. शीटमध्ये तो सापडला: वय ३४, खडा ९ मिमी, दुर्बीण. का, ते कुठेच नाही. निकालाचा रकाना रिकामा, कारण तो परत आलाच नाही. आणि तुझं सूत्र उघडून बघितलं, तर रिकामा रकाना तू 'खडा शिल्लक' धरलायस! असे किती जण दुर्बिणीच्या माथी बसलेत, देव जाणे.

तेव्हा पेपर राहू दे. 'का?' असा एक रकाना वाढव आणि आठवतंय तोवर भरून टाक. जुनी ओपीडी रजिस्टरं रद्दीत घालू नकोस. हुरड्याला येईन तेव्हा दोघं बसून बाकीचं लावू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद