गाडीचा आरसा काढून देणाऱ्या सिन्नरच्या दादांस

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कंपनीचा निळा शर्ट अंगात होता, पहिली पाळी सुटून आला होतात, एवढंच आठवतंय. गेल्या रविवारी दुपारी गोंदेश्वराच्या देवळाच्या मंडपात मानेला पट्टा लावलेले म्हातारे गृहस्थ खांब चाचपत उभे होते ना, ते माझे वडील.

अण्णा चाळीस वर्षं नाशकात गवंडीकाम करत होते. मानेचे मणके जखडल्यापासून त्यांना वर बघता येत नाही. समोरचं दिसतं, पायाखालचं दिसतं. छत मात्र त्यांच्यासाठी संपलं. आणि ज्या माणसाने जन्मभर स्लॅब टाकले, त्याला देवळात गेल्यावर आधी छतच बघायचं असतं!

मागच्या वर्षी ‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हणून एका सहलवाल्याकडे पैसे भरले होते. तिथल्या पोराने बसमध्येच सांगितलं, “आजोबांना खालीच बसू द्या, त्यांना काय दिसणार?” नातेवाइकांचाही सूर तोच. खरं सांगायचं तर मीही मनातून मान्य केलं होतं. गोंदेश्वरला आणलं ते हवापालट म्हणून. नाशिक-सिन्नर वाटेवरचा मोहदरी घाट ओलांडला, की भेळ खाऊन परत, असा बेत.

तुम्ही मात्र दोन मिनिटं अण्णांकडे बघितलंत, काही न बोलता बाहेर गेलात आणि मोटरसायकलचा आरसा हातानेच पिळून काढून आणलात. शर्टाच्या टोकाने पुसलात. अण्णांच्या तळहातावर ठेवलात, दुसऱ्या हाताने मोबाईलची बॅटरी वर धरलीत. “काका, आता खालीच बघा.”

तो आरसा फुगीर, म्हणून अख्खं छत त्यात मावलं. दगडाच्या कड्यांवर कड्या, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला. अण्णा आरसा इंच इंच फिरवत होते आणि थर मोजत होते. मध्येच म्हणाले, “चुन्याचं बोटसुद्धा नाही गं. वरचं ओझंच खालच्याला धरून बसलंय.” गावात सगळे हेमाडपंती म्हणतात; ज्याच्या नावावरून म्हणतात तो हेमाद्री तेराव्या शतकातला आणि देऊळ बहुधा त्याच्याही आधीचं, यादवांच्या काळातलं. पण अण्णांना राजाशी काही घेणं नव्हतं. ते त्या गवंड्याशी बोलत होते.

मग बाहेर आरशातून शिखर. एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा कळसाकडे बारीक होत जातात, ते मी इतक्या वेळा येऊनही धड पाहिलं नव्हतं. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती असं पंचायतन. प्रत्येक देवळापाशी थांबून आरसा वर. उन्हात तुम्ही पाऊण तास उभे. घरी जेवायला वाट बघत असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही, माफ करा. चहाचं विचारलं तर “राहू द्या ताई” म्हणून निघालात.

मदत करणारे पुष्कळ भेटतात हो. खुर्ची देतात, हात धरतात, रांगेत पुढे सोडतात. पण या माणसाला नेमकं काय बघायचंय, हे न विचारता ओळखणारा मला तरी पहिल्यांदाच भेटला. आम्ही घरचे असून आम्हाला सुचलं नाही.

परत बसवताना आरसा सैल राहिला होता, तुम्ही जाताना तो लटलटत होता. तेवढा घट्ट करून घ्या, हायवेची गाडी आहे.

इकडे अण्णांनी काल माझ्या स्कूटीच्या आरशाला पाना लावून पाहिला. शनिवारी काळारामाला जायचंय म्हणतात.

तुमची,
गवंडीकाकांची मुलगी, नाशिक