मोजणी जुनी, गर्दी नवी

सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे गडचिरोली जिल्ह्यात कामगारांची आणि अवजड गाड्यांची वर्दळ वाढली आहे. नियोजन मात्र अजून २०११ च्या जनगणनेवर चालते. आदिवासी, डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३ हजारांमागे एक उपकेंद्र हा निकष. पण माथी जुनीच मोजली, तर बाहेरून आलेला मजूर, त्याची बाळंतीण बायको आणि शाळेच्या वयाची पोरे हिशेबात येणार कुठून?

रस्त्यांचेही तेच. आष्टी-आलापल्ली मार्गावर ट्रकांची रांग लागली की मागची एसटी तिथेच अडते. दप्तर सांभाळत उभ्या असलेल्या पोरींचा पहिला तास बुडतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, हे तर जुने दुखणे.

जिल्हा नियोजन समितीने नव्या जनगणनेच्या आकड्यांची वाट पाहू नये. ग्रामपंचायतींकडून भाडेकरू व स्थलांतरित कुटुंबांची नोंद मागवावी आणि पुढच्या वार्षिक आराखड्यात आधी परिचारिका, पाणीपुरवठा व शाळेच्या वर्गखोल्यांसाठी तरतूद करावी. खाणबाधित भागासाठी खाणचालकांकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही प्रथम खाणीलगतच्या गावांतच खर्च व्हावा.

– एक वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली