झान मोरोच्या डोळ्यांखालची वर्तुळं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

"त्या फ्रेंच नटीचं एवढं काय कौतुक?" याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहितेय.

झान मोरो 1928 साली पॅरिसमध्ये जन्मली. वडील रेस्टॉरंटवाले, आई इंग्लंडहून आलेली नर्तकी. मुलीनं नाटकात जायला वडिलांचा सक्त विरोध. (बाबा, हे सगळीकडे सारखंच!) तरी विशीतच ती कॉमेदी फ्रान्सेज या मानाच्या नाट्यसंस्थेत पोचली. रंगभूमीवर नाव झालं. सिनेमात मात्र दहाएक वर्षं तिचं बस्तान बसेना.

अडचण चेहऱ्याची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठांचे कोपरे खाली झुकलेले. तेव्हाची रीत म्हणजे समोर मोठा दिवा, सावल्या मारायला बाजूला दुसरा, केस चमकवायला मागून तिसरा आणि वर मेकअपचा थर. वर्तुळं झाकली जायची, पण सावल्याच उरल्या नाहीत की चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो.

1957 मध्ये पंचविशीतल्या दिग्दर्शक लुई मालनं 'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड' या सिनेमासाठी हे सगळं काढून टाकलं. गोष्ट अशी: प्रियकर तिच्या नवऱ्याचा खून करतो, पहारेकरी इमारतीची वीज बंद करतो आणि प्रियकर लिफ्टमध्ये अडकतो. ती रात्रभर त्याला शोधत फिरते. कॅमेरामन आन्री दकानं बाबागाडीत कॅमेरा ठेवून पॅरिसच्या शाँज एलिझे या रस्त्यावर तिच्यासोबत चित्रण केलं. वेगळे दिवे नाहीत, फक्त दुकानांच्या काचांतून येणारा उजेड. तेवढा उजेड पुरेसा व्हावा म्हणून ट्राय-एक्स ही कमी उजेडात चालणारी फिल्म घेतली; तिच्यात चित्रावर बारीक दाणे दिसतात, ते चालवून घेतले. दोन दुकानांमध्ये चेहरा विझतो, पुढच्या काचेपाशी पुन्हा उजळतो. लॅबमधले लोक हे बघून निर्मात्याकडे तक्रार घेऊन गेले! माझ्या मते मोरो खरी इथे सापडली. संगीतही तसंच: डिसेंबरमधल्या एका रात्रीत अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि चार वादकांनी पडद्यावर प्रसंग बघत बघत वाजवलेलं.

(हाच लुई माल पुढे भारतावर माहितीपट करून गेला आणि आपलं सरकार त्यावर भडकलं.)

नंतरचं थोडक्यात. 1960 मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा 'ज्यूल ए जिम' हा सिनेमा, 1976 मध्ये स्वतःचं दिग्दर्शन. 2000 मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली बाई. 2017 मध्ये गेली, 89 व्या वर्षी.

'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड' बघायला बसाल तेव्हा टीव्हीचं 'व्हिव्हिड' बंद करून 'सिनेमा' मोड लावा आणि शार्पनेस कमी करा, नाहीतर दाणे टोचतात. चित्र अंधारं वाटलं तरी ब्राइटनेस वाढवू नका. काळा रंग राखाडी होतो आणि दोन दुकानांमधला तो अंधारच जातो. दिवाणखान्यातली ट्यूब मात्र बंद करा. आई, सबटायटलची अक्षरं आधीच मोठी करून घे. ती रस्त्यावर चालते तेव्हा वाचायला फारसं नाही, तिच्या डोळ्यांखालीच बघत राहा.

तुमची,
ताई