कृषिकन्यांच्या मॅडमना, निफाड तालुक्यातून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाशिक सोडून गेलात, नंबर बदलला, आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. दुसरंही एक कारण आहे. बारावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी बाप माझ्याकडे येतो आणि विचारतो, "तुमची थोरली ते शाश्वत अन्नव्यवस्थेचं काय शिकली, त्याला पुढं काय आहे?" तुम्ही मला जे सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगतो, पण बोलता बोलता गाडी द्राक्षाच्या भावावर जाते आणि मूळ गोष्ट राहते. एकदा लिहून ठेवलेलं बरं.

तुम्ही आमच्या गावात कृषिकन्यांची तुकडी घेऊन आला होतात. गावाला याची सवय आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी येतात, माती परीक्षण आणि बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात, सरपंचांसोबतचा फोटो पेपरात येतो आणि मंडळी परत जातात. तुमच्या मुली मात्र भलतंच विचारत होत्या. कांदाचाळीत कांदा घातला किती, निघाला किती, उकिरड्यावर गेला किती? गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कुणी घेतली? विरळणीत काढलेले मणी कुठं टाकता? आमची थोरली तेव्हा बारावीत होती. ती त्यांच्या मागे वही घेऊन फिरायला लागली आणि आठवड्याभरात घरात जाहीर केलं की मला हेच शिकायचंय.

मी तुम्हाला ओट्यावर बसवून एकच प्रश्न विचारला होता: याला नोकरी कुठली? तुम्ही नोकऱ्यांची यादी दिली नाहीत, ते मला तेव्हा थोडं खटकलंच. तुम्ही म्हणालात की शेतातून निघालेला माल ताटात पोचेपर्यंत जिथं जिथं काही कमी होतं, मग ते वजन असो, पैसा असो, पाणी असो की सत्त्व, तिथं तिथं शिकलेल्या माणसाची जागा रिकामी आहे. मग वाटेतली एकेक जागा दाखवायला लागलात.

सुरुवात कांद्यापासून केलीत, कारण आमच्याकडे कांद्यापासून सुरुवात केली तरच माणूस ऐकतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत चाळीत पडून राहतो. तेवढ्या काळात ३० ते ४० टक्के माल घटतो, असा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तुम्ही विचारलंत, त्यात वजनातली घट किती, सड किती, कोंब किती? ओट्यावर बसलेल्या कुणालाच सांगता आलं नाही. आणि तिन्हींची कारणं तर वेगवेगळी. पाणी सुटून वजन उतरतं ते पूर्ण थांबत नाही, कमी करता येतं. सड बऱ्याचदा काढणीआधीच ठरलेली असते: शेवटचं पाणी उशिरा सुटलं, युरिया लांबेपर्यंत पडत राहिला, पात ओली असतानाच मान कापली. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, उपटलेला कांदा पातीनं झाकून शेतातच सुकवायचा, मान इंचभर ठेवून कापायची, चाळीतला थर पाच फुटांच्या वर न्यायचा नाही, खालून वारं खेळतं ठेवायचं. यातलं बरंचसं माझ्या वडिलांनाही माहीत होतं. मोजणं तेवढं कुणी केलेलं नव्हतं.

लासलगावला कांद्याचं विकिरण केंद्र आहे, म्हणजे कांद्यावर गॅमा किरण सोडणारं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर चालणारं. गावात त्याबद्दल दोनच मतं असतात. एक, सगळं त्यानंच सुटेल. दोन, सगळं फुकट आहे. तुमचं उत्तर मला आवडलं होतं. विकिरणानं कोंब थांबतो, सड थांबत नाही. तुमचा माल कोंबानं जातोय की सडीनं हे ज्याला माहीत नाही, त्यानं खर्च कशावर करायचा? हे शोधून काढणारा माणूस शेतकरी कंपनीला लागतो, गोदामवाल्याला लागतो, बँकेला लागतो आणि सरकारलाही. हा झाला पहिला रोजगार.

मग द्राक्षं. २०१० साल निफाड-दिंडोरीतला कुठलाही जुना बागाईतदार विसरणार नाही. युरोपला गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि कंटेनर अडकले. आम्ही ते वेलीची वाढ आवरायला मारायचो. तिकडे घडात ते शोधतील हे इकडे फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्या वर्षाचं रडगाणं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही त्याच्या पुढचं दाखवलंत. प्लॉटची नोंदणी, अपेडाचं (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं) ग्रेपनेट म्हणजे निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंद, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची रेसिड्यूवरची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशावरची देखरेख, ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं ऑडिट. आज परदेशातल्या पेटीवरून थेट बागेच्या गट नंबरापर्यंत मागे येता येतं, आणि या साखळीच्या प्रत्येक कडीला पगारी माणूस आहे: नमुना घेणारा, प्रयोगशाळेत तपासणारा, नोंदी जुळवणारा, ऑडिट करणारा, पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंगचं (माल पाठवण्याआधी थंड करण्याचं) तापमान सांभाळणारा. मोहाडीला सह्याद्री फार्म्समध्ये तुम्ही मुलींना घेऊन गेलात तेव्हा थोरलीलाही सोबत नेलंत. शेतकऱ्यांच्याच कंपनीत एवढी शिकलेली पोरं पांढरे कोट घालून फिरतात हे तिनं रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा तिच्या आईचं मत बदललं. माझं त्याला दोन दिवस जास्त लागले.

पाण्याचा विषय काढलात तेव्हा ओट्यावरचे दोघे उठून गेले होते, आठवतं का? राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी पाणीवाटप म्हटलं की आमच्याकडे आवाज चढतोच. गंगापूर-दारणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की इकडचे आणि तिकडचे दोघेही आपलंच खरं म्हणतात. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. किलोभर द्राक्षामागे किती पाणी जातं, किलोभर कांद्यामागे किती, उसामागे किती, हे खात्रीनं सांगणारी माणसं दोन्ही बाजूंना नाहीत म्हणून भांडण लांबतं, एवढंच म्हणालात. उठून गेलेल्यांपैकी एकाचा मुलगा आज याच विषयात एमएस्सी करतोय.

पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) आणि वरई, अंगणवाडीतला आहार, हेही तुम्ही सांगितलंत. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात रस नव्हता. थोरलीला होता. डोंगरात पिकणारी नागली शहरात पाकिटातून महाग विकली जाते आणि जिथं पिकते तिथल्या पोरांच्या ताटात रेशनचा तांदूळ असतो, हे तिनं वहीत लिहून ठेवलेलं मी नंतर वाचलं. तिच्या बरोबरीची एक मुलगी आता तिकडेच पोषणाच्या कामावर आहे, गावातल्या बायकांच्या गटाकडून नागली घेऊन शाळांपर्यंत पोचवते.

माझं सगळ्यात मोठं आभाराचं कारण वेगळंच आहे. तुम्ही आम्हाला स्वप्न विकलं नाहीत. स्पष्ट सांगितलंत की "शाश्वत अन्नव्यवस्था" या नावाची जाहिरात सरकारी भरतीत शोधत बसू नका. आधी चार वर्षांची बीएस्सी कृषी पक्की करा, किंवा अन्नतंत्रज्ञानाची बीटेक. मग कृषी सेवेची एमपीएससी असो, बँकेतलं कृषी अधिकाऱ्याचं पद असो, ते दरवाजे उघडे राहतात. त्यावर पदव्युत्तरला हा विषय घ्या. एमएचटी-सीईटी देऊन चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत प्रवेश कसा होतो, हे तुम्ही माझ्या डायरीत लिहून दिलंत. पुढच्यासाठी नावं दिलीत: तुळजापूरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र, अमूलच्या डॉ. कुरियन यांनी १९७९ साली आणंदला उभी केलेली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था इर्मा, हैदराबादची कृषी विस्तार व्यवस्थापनाची संस्था मॅनेज, आणि परदेशात जायची हिंमत असेल तर नेदरलँड्समधलं वागेनिंगेन विद्यापीठ. खर्चाचंही बोललात. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असतो हे मला तुमच्याकडूनच कळलं. (वाचणाऱ्या आईबापांसाठी: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार माफ करतं. कॉलेजात जाऊन नीट चौकशी करा, एजंटाला पैसे देऊ नका.)

पगाराचंही झाकून ठेवलं नाहीत. पुढं २०२० साली आलेल्या केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेतही सीईओसाठी महिना २५,००० रुपयांपर्यंतच मदत ठरली, तीही पहिली तीन वर्षं. तेवढ्यात नाशिक शहरात खोली घेऊन राहायचं तर हात आखडूनच राहावं लागतं. अनुभवानंतर पगार वाढतो, पण कंपनी टिकली तर. असं तोंडावर सांगणारी माणसं शिक्षणाच्या बाजारात कमीच भेटतात.

थोरलीनं पदवी नाशिकलाच केली आणि पदव्युत्तरला बाहेरच्या राज्यात गेली. तिचे विषय ऐकून मी चक्रावलो होतो. एका सत्रात माती आणि कर्बाचं गणित, दुसऱ्यात पोषण, तिसऱ्यात व्यापार धोरण. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नाच्या साखळीतून निघतात, हे तिनं मला फोनवर सांगितलं, त्यावर मी म्हणालो, म्हणजे आता तोही दोष शेतकऱ्यावर का? ती म्हणाली, नाही अप्पा, त्यात खत बनवणारा कारखाना येतो, कोल्ड स्टोअरेज येतं, ट्रक येतो आणि शहरातलं खरकटंही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल तिनं वाचून दाखवला: २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. मग मला जरा बरं वाटलं, हे कबूल.

धोरण हा विषय कशाला, असंही मला वाटायचं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली, आणि उरलेलं शुल्क एप्रिल २०२५ ला गेलं. गावात नुसता संताप होता. थोरलीनं शांतपणे दोन रकाने काढले, शहरातल्या गिऱ्हाइकाचा भाव आणि आमचा भाव, आणि मधल्या फरकात साठवण, घट, वाहतूक, दलाली कुठं कुठं बसते ते लिहिलं. भाव काही वाढला नाही त्यानं. पण ग्रामसभेत पहिल्यांदा आमच्या ठरावात आकडे होते, आणि ठराव लिहिणारी आमच्या घरची होती.

आता ती दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीत आहे. सभासदांच्या प्लॉटवर पाणी किती, खत किती, डिझेल किती, फवारणी कधी, याच्या नोंदी ठेवते, कारण परदेशातले खरेदीदार आता रेसिड्यूच्या पुढचे प्रश्न विचारतात. तिच्या वर्गातला एकजण मुंबईत मोठ्या अन्नकंपनीत आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्या कामासाठी त्याला घेतलं. एकजण बँकेत कृषी अधिकारी झाला. एकीनं मात्र हा रस्ता सोडून स्पर्धा परीक्षांची तयारी धरली, कारण घरच्यांना थांबायला वेळ नव्हता. तेही सांगायला हवं. सगळ्यांचं सारखं होत नाही.

शेवटी एक मागणं आहे. आमच्या गावातल्या काही जणांनी ठरवलंय की येत्या हंगामात चाळीतली घट, सड आणि कोंब वेगवेगळे तोलून लिहायचे, दर पंधरवड्याला, नोव्हेंबरपर्यंत. वजनकाटा आहे, वह्या आणल्यात, थोरलीनं तक्ता करून दिलाय. पण तक्त्यात नमुना किती चाळींचा घ्यायचा आणि एकाच चाळीतला वरचा-खालचा थर वेगळा धरायचा का, यावरून तिचा आणि माझा वाद चालू आहे. तुमचा शब्द दोघंही मानू. तुम्ही आता जिथं शिकवता तिथल्या मुलामुलींना कार्यानुभवासाठी गाव लागलं तर आमचं आहेच. राहायची सोय शाळेच्या खोल्यांत होईल आणि जेवण आमच्याकडे. थोरलीची आई म्हणते, मॅडमना सांगा, मागच्या वेळी चहावरच गेल्या होत्या, या वेळी तसं चालणार नाही.

आपला नम्र,
कांदा-द्राक्ष उत्पादक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक