सुमे, ती काजळाची मिशी आठवतीये का

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा भांडी घासताना. सोसायटीतल्या पोरांचं नाटक तू बसवावंस म्हणून सगळे मागं लागलेत आणि तू "एकदा झाली तेवढी शोभा बास" म्हणून मोकळी झालीस. मला लगेच उत्तर देता येईना, कारण नेमकं त्याच शनिवारी आम्ही सिंड्रेला बघून आलो होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मावण्यासारखं नाहीये ते. म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

तर इकडं ब्रिटनमधे नोव्हेंबर संपत आला की गावोगावच्या थेटरात पँटो लागतो तो जानेवारी उजाडेपर्यंत, दिवसाला दोन दोन खेळ. नाव पँटोमाइम, पण मूकनाट्य वगैरे समजू नकोस, दोन-अडीच तास नुसता कालवा. गोष्ट कुठलीतरी जुनी, सिंड्रेला, अल्लादीन, जॅक आणि त्याचा घेवड्याचा वेल, आणि त्यात गाणी, नाच, पाचकळ कोट्या, गावातल्या पार्किंगवर टोमणे, सगळं कोंबलेलं. आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळं घर जातं. इतकी वर्षं इथं राहून मी कधी गेले नव्हते, मला वाटायचं हे गोऱ्या लोकांचं घरगुती काहीतरी आहे, आपल्याला काय कळणार. यंदा धाकट्याच्या वर्गातली सगळी पोरं जाणार होती म्हणून गेले. आणि आई आलीये ना सांगलीहून, तिला एकटीला घरी ठेवून जायचं जिवावर आलं म्हणून तिचंही तिकीट काढलं. तिचं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि नो शुगर. म्हटलं झोपेल बिचारी अंधारात.

झोपते कसली! पडदा उघडला, स्टेजच्या एका बाजूनं गुलाबी उजेडात परी आली, दुसऱ्या बाजूनं हिरव्या उजेडात सावत्र आई आली, आणि अख्खं थेटर तिच्या अंगावर ओरडायला लागलं, बूऽऽऽ म्हणून. ठरलेलं असतं म्हणे ते, चांगली माणसं नटाच्या उजव्या हाताकडून आणि दुष्ट डावीकडून. आई मला विचारते, "काय केलं गं तिनं? अजून तर काहीच बोलली नाही." म्हटलं सावत्र आई आहे. "मग बरोबर आहे," म्हणाली, आणि हिनंही बूऽऽ केलं.

मग त्या दोन सावत्र बहिणी आल्या. सुमे, दोन आडदांड बाप्ये, डोक्यावर हात हात उंच टोप, एकीच्या झग्याला खरी वाटावीत अशी केळी लटकवलेली. चालत आल्या, पहिल्या रांगेतल्या एका टकलू काकांना हेरलं आणि एकीनं त्यांना डोळाच मारला. तेव्हा आई माझ्या मांडीवर थाप मारून एवढ्या मोठ्यानं बोलली की पुढच्या रांगेनं मागं वळून बघितलं. "अगं, ही तर मावशी!"

आणि खरंच गं. गण झाला, गवळण सुरू झाली, आणि पदर खोचून, मिशी न लपवता आलेली तमाशातली मावशी. इथं तिला डेम म्हणतात. मी घरी येऊन वाचत बसले (माझं माहितीये ना तुला, एकदा बसले की संपलं). डॅन लीनो म्हणून एक बुटका नट होता, त्यानं ही डेम लंडनच्या ड्रुरी लेन थेटरात गाजवली, पहिल्यांदा तिथं उभा राहिला तो १८८८च्या ख्रिसमसला. आणि १८८८ सालीच आपल्या नागठाण्यात बालगंधर्व जन्मले. लगेच मनात जोडी लावली मी, पण जोडी लागत नाही. बालगंधर्वांची सगळी धडपड ही की बघणारा विसरला पाहिजे आत पुरुष आहे, बायका त्यांच्यावरून साडी कशी नेसायची ते शिकायच्या. डेमचं उलटं, ती तुम्हाला एक मिनीट विसरू देत नाही. आवाज घोगरा, चाल पैलवानाची, लाजणं मात्र नववधूचं. म्हणजे आईचंच बरोबर, गंधर्व नाही, मावशीच. आणि आपली ती अलबत्या गलबत्यातली चेटकीण, आधी प्रभावळकरांची आणि २०१८ला नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगलेंची, ती पण याच घरातली म्हणायची.

एक मात्र खटकलं. त्या दोघींना इथं अग्ली सिस्टर्सच म्हणतात, म्हणजे नावातच कुरूप, आणि अर्धे विनोद त्यांच्या दिसण्यावर. आपली मावशी तशी नाही ना. ती गौळणींच्या बाजूनं किसनद्यावाशी हुज्जत घालते, वाट अडवलीस कशी विचारते, हसू येतं ते तिच्या जिभेचं. जॅकच्या पँटोत डेम ही जॅकची गरीब आई असते म्हणे, कडकी लागलेली, गाय विकायला काढणारी (गाय म्हणजे आत दोन माणसं, एक पुढचे पाय एक मागचे). ती आपल्या मावशीला जास्त जवळची. तू बसवशील तर तसली मावशी घे, कुरूप-बिरूप नको.

बघ, बसवशील तर म्हटलं मी. ये आता मुद्द्यावर.

राजपुत्र आला. आला म्हणजे आली. गुडघ्यापर्यंत बूट, छोटा कोट, दोन्ही हात कमरेवर, आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच्या मांडीवर फाडकन थाप. राजपुत्र बाईनंच करायचा ही इथली जुनी रीत, प्रिन्सिपल बॉय म्हणतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी पुरुष घेतात पण आमच्याकडं बाई होती. आणि मला हसू येईना की रडू येईना, सुमे. सातवी ब. मुलींची शाळा म्हणून राजपुत्र तू, सगळ्यात उंच म्हणून. तुझ्या दादाची शेरवानी. काजळाची मिशी, माझ्याच आईनं काढलेली. आणि माझ्या पायात बाईंच्या सोनेरी सँडल, काचेचा बूट कुठून आणणार, आठ नंबरच्या, पुढं कापूस कोंबलेला, ज्या माझ्यासकट राज्यातल्या सगळ्या पोरींना झाल्या असत्या. तू गुडघ्यावर बसलीस, लाइटच्या उकाड्यानं घाम सुटला होता, तू मनगटानं तोंड पुसलंस आणि मिशी गालावर गेली. पहिलीतली पोरं पुढं सतरंजीवर बसलेली, त्यातलं एक ओरडलं, "राजपुत्राची मिशी पळाली!" आणि मग सगळा हॉल. मग माइकवरून बाईंचा आवाज, गप्प बसाऽऽ, कोण हसलं ते? आणि ती जी शांतता झाली ना, हसण्यापेक्षा तीच वाईट होती. तू उरलेली दोन वाक्यं बोलली नाहीस, आत गेलीस, आणि त्यानंतर स्टेजवर काही तू चढली नाहीस. कॉलेजात एकांकिकेला बोलवायला आलेल्यांना तू पाणी देऊन परत पाठवलंस, मी होते तेव्हा.

आता इथलं ऐक. दुसऱ्या अंकात मोठ्या बहिणीचा तो उंच टोप दाराच्या चौकटीला अडकला आणि खाली पडला, आत चकचकीत टक्कल. पोरांनी थेटर डोक्यावर घेतलं. तर त्या माणसानं काय केलं, टोप उचलला, मांडीवर घेतला, मांजर कुरवाळावं तसा कुरवाळला, आणि पहिल्या रांगेतल्या त्या टकलू काकांकडं बघून म्हणाला, "आता तरी लग्नाचं बघू या का?" मी एवढी हसले की मस्कारा गळ्यापर्यंत आला. आई म्हणाली, "हा रोज पाडत असणार." असेलही. पण रोज पाडत असेल तर मग अजूनच बघ ना, आपली जी फजिती म्हणून आपण वीस-बावीस वर्षं तोंड लपवलं, ती हे लोक रोज दोनदा मुद्दाम करतात आणि लोक तिकीट काढून येतात.

पोरांना गप्प बसा म्हणायचंच नाही, हा इथला पाया आहे. बटन्स नावाचा नोकर असतो, सिंड्रेलाचा मित्र, तो पहिल्याच एंट्रीला पोरांना पढवून ठेवतो की मी आलो की असं ओरडायचं, आणि मग शेवटपर्यंत तो आला की ओरडा. सावत्र बहीण म्हणते मी सुंदर आहे, पोरं म्हणतात ओ नो यू आर नॉट, ती म्हणते ओ येस आय अ‍ॅम, हे पाच पाच मिनिटं. आणि बाकड्याचा सीन, सगळे भुताला घाबरून बाकावर बसलेले, भूत मागून येऊन एकेकाला पळवतं आणि पोरं घसा फोडून सांगताहेत की मागं आहे, बिहाइंड यू. आणि या सगळ्या कल्लोळात माझ्या शेजारून, अस्सल सांगलीत, "अरं माझ्या लेकरा, मागं बघ की, मागंऽऽ!" आई उभी राहिली होती सुमे. सत्तरीची बाई, गुडघे बदलायचं चाललंय, उभी राहून हातवारे करतीये. आणि आमच्या धाकट्याला जराही लाज वाटली नाही, तो पण मग मराठीतनंच ओरडायला लागला, एरवी घरी मराठीत बोल म्हटलं की तोंड वाकडं.

तोच धाकटा बटन्सपायी रडला मात्र. बटन्सचं सिंड्रेलावर प्रेम असतं, ती रडत बसलेली असते तेव्हा तो स्वयंपाकघरातल्याच वस्तूंची खोटी खोटी गाडी करून तिला मेजवानीला नेतो, आणि शेवटी ती लग्न राजपुत्राशीच करते. हा मला विचारतो, "पण गाडी तर आधी त्यानं केली होती ना?" काय सांगणार. मूळ गोष्टीत बटन्स नाहीच. पेरो नावाच्या लेखकानं १६९७ला फ्रेंचमधे लिहिली त्यात भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, काचेचा बूट, सगळं आहे पण हा नाही. १८६०ला बायरन नावाच्या लेखकानं (कवी बायरन नव्हे) लंडनच्या स्ट्रँड थेटरसाठी सिंड्रेला लिहिलं त्यात बटोनी म्हणून आला, त्याचा पुढं बटन्स झाला. राजपुत्राचा नोकर डँडिनी तर रॉसिनीच्या १८१७च्या ऑपेरातनं उचललेला. म्हणजे दीडदोनशे वर्षं जो तो येतोय आणि या गोष्टीत आपल्या पदरचं एक माणूस घालून जातोय. तू पण घाल की.

भोपळ्याची गाडी झाली तेव्हा दोन खरे शेटलंड पोनी आले, कुत्र्याहून थोडे मोठे. त्यातला एक मधेच थांबला, काही केल्या हलेना, सिंड्रेला गाडीत हात हलवून हलवून दमली. आई म्हणे, "टांगेवाल्याला बोलवा."

हो, आणि एक साल सांगते, ते वाचून मी एकटीच टाळी वाजवली. इथं पूर्वी नाटकात बोलायची परवानगी लंडनमधे मोजक्याच थेटरांना होती, बाकीच्यांनी नाच, गाणी, हातवारे यावर भागवायचं. तो कायदा बदलला १८४३ला, आणि पँटोला तोंड फुटलं. १८४३! शाळेत दरवर्षी निबंधाला लिहायचो ना, विष्णुदास भावे, सांगली, सीता स्वयंवर. तेच साल.

तुझ्या कामाचं सांगते आता, चोरून घे बिनधास्त. शेवटच्या सीनच्या आधी बटन्स एक मोठं कापड खाली सोडतो, त्यावर गाण्याचे शब्द, आणि थेटरचे दोन भाग करून कोण मोठ्यानं म्हणतं बघू अशी चुरस लावतो. पोरं खुळी होतात. खरं कारण असं की तेवढ्यात पडद्यामागं सगळे लग्नाचे कपडे घालत असतात! आणि नाचातली लहान पोरं दोन टीममधे वाटलेली असतात, एक दिवस ही एक दिवस ती, इथं लहान पोरांना किती काम द्यायचं याचे कायदे आहेत म्हणून, पण तू सर्दी-तापासाठी म्हणून कर, आयत्या वेळी रडायची पाळी नाही. गाणी मात्र यांच्यासारखी नको, कुठलीही चालू हिट गाणी आणून चिकटवलेली, सिंड्रेला चूल फुंकता फुंकता डिस्को म्हणते, आणि आवाज एवढा की माझे कान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होते. बारा पौंडाची लुकलुकणारी छडी पण नको, ती बाहेर येईपर्यंत विझली.

अजून एक आहे. नाटकाच्या अगदी शेवटच्या दोन ओळी तालमीत कुणी म्हणतच नाही इथं, अपशकुन मानतात. पहिल्या खेळाला, लोकांसमोरच पहिल्यांदा म्हणायच्या. मी वाचलं आणि मला तुझ्या त्या राहिलेल्या दोन ओळीच आठवल्या. मला पाठ आहेत अजून. तुला?

आई सोळा तारखेला निघतीये. तिच्या बॅगेत तुझ्यासाठी एक पाकीट ठेवलंय, थेटरच्या दुकानातच मिळालं, मागं चिकटपट्टी असलेल्या तयार मिश्या, घामानं निघत नाहीत असं लिहिलंय तरी वर. सहा आहेत. पाच पोरांना दे.

तुझीच,
सिंड्रेला (सँडल नंबर आठ)

ता.क. आईकडनं घेताना ती तुला बटन्सची पूर्ण गोष्ट सांगेल, तिच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी लग्न त्याच्याशीच झालं. दुरुस्त करू नकोस.